विश्लेषण : बायबलमधले ‘हृदय’ म्हणजे केवळ भावना नव्हे? मालवण किनाऱ्यावरील कॅथलिकांच्या रोजच्या श्रद्धेशी त्याचा संबंध काय?

१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू होते आणि मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. कॅथलिक परंपरेत हाच महिना येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेला असतो. छातीवर ज्वालांनी वेढलेले हृदय असलेली येशूची तसबीर अनेक कॅथलिक घरांत दिसते. ही भक्ती कुठून आली आणि या ‘हृदया’चा अर्थ काय?

हा सण कधी आणि कुठून आला?

पेन्टेकॉस्टच्या रविवारनंतर १९व्या दिवशी, शुक्रवारी, पवित्र हृदयाचा सण असतो. तो बहुतेकदा जूनमध्ये येतो. ही भक्ती रुजली ती फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथील मार्गारेट मेरी अलाकोक या मठवासिनीमुळे. १६७३ ते १६७५ या काळात आपल्याला येशूचे दर्शन घडल्याचे तिने सांगितले. १८५६ मध्ये पोप पायस नववे यांनी हा सण जगभरातील कॅथलिक चर्चसाठी लागू केला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा ऐकण्याची प्रथा याच भक्तीतून आली.

बायबलमध्ये हृदय कशाला म्हटले आहे?

आज हृदय म्हटले की प्रेम, माया, हळवेपणा एवढेच आठवते. बायबलच्या जुन्या करारातील ‘लेव’ या हिब्रू शब्दाचा आवाका बराच मोठा आहे. तिथे माणूस हृदयाने विचार करतो, आठवण ठेवतो, निर्णय घेतो आणि हट्टही हृदयानेच धरतो. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा हृदयात ठेवायला सांगितल्या आहेत आणि लगेच त्या मुलांना शिकवायला, घरी-दारी, उठता-झोपता त्यांच्याविषयी बोलायलाही सांगितले आहे. यहेज्केल संदेष्टा दगडाचे हृदय जाऊन मांसाचे हृदय मिळण्याची गोष्ट करतो. लूकच्या शुभवर्तमानात मरिया घडलेल्या सगळ्या गोष्टी हृदयात जपते आणि त्यांवर चिंतन करते.

मराठीत ‘अंतःकरण’ हा शब्द का?

मराठी बायबलमध्ये अशा अनेक ठिकाणी ‘अंतःकरण’ हा शब्द आढळतो. भारतीय तत्त्वज्ञानात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार या चौघांना मिळून अंतःकरण म्हणतात. हिब्रू ‘लेव’शी हा अर्थ बराच जुळतो. त्यामुळे ‘अंतःकरण शुद्ध ठेवा’ असे ऐकणाऱ्या मराठी माणसाला आपली भावनाच नव्हे, तर आपला हिशेब, आपला अहंकार आणि आपला निर्णयही तपासायचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या किनाऱ्यावर धर्मग्रंथ कोणत्या भाषेतून पोहोचला?

१५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्लिश जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत लिहिली. तेच १६१६ मध्ये छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडावी, असा हुकूम काढला. मिस्सा तर लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेची वाट मोकळी केली आणि १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांनी स्वतः बायबल वाचावे, असा आग्रह धरला. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने सोप्या मराठीतले वाचन घराघरांत नेले.

५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे मुख्यालय सावंतवाडीत आहे. इथल्या कॅथलिक घरात कोकणी किंवा मालवणी बोलली जाते, तर मुले शाळेत मराठी शिकतात. आजीच्या तोंडी असलेली कोकणी प्रार्थना नातवाला कळेल का, हा इथला खरा प्रश्न आहे. कारण शब्द पाठ झाला, पण समजला नाही, तर तो अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय?

लूकच्या पाचव्या अध्यायात पेत्र आणि त्याचे साथीदार रात्रभर राबतात, पण हाती काही लागत नाही. मग येशूच्या शब्दावर जाळे टाकतात, ते फाटायला येते आणि दुसऱ्या होडीतल्या भागीदारांना हाक मारावी लागते. रापणीचा दोर ओढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. रापण एकट्याने ओढता येत नाही आणि ओढणाऱ्याला वाटा द्यावा लागतो. नीतिसूत्रे हे पुस्तक खोट्या तराजूचा निषेध करते. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोबाचे पत्र बजावते. म्हणजे हृदयाची परीक्षा मिस्सेत जेवढी, तेवढीच मासळी बाजारातल्या वजनात आणि खलाशाच्या हिशेबात.

पोप फ्रान्सिस यांनी २४ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘दिलेक्सित नोस’ हे पवित्र हृदयाविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले. आई-आजीसोबत घरी केलेल्या सारणाच्या पुऱ्यांच्या कडा काट्याने दाबून बंद करण्याची आठवण त्यात येते. असे क्षण कोणत्याही अल्गोरिदममध्ये मावणार नाहीत, असे ते सांगतात. नाताळात नेवऱ्यांना मुरड घालणाऱ्या घरांना हे लगेच पटेल.

मोबाइलवरचे वचन पुरेसे आहे का?

सकाळी व्हॉट्सअॅपवर वचन येते, पुढे पाठवले जाते आणि दुपारपर्यंत विसरलेही जाते. यावर कॅथलिक परंपरेत जुना उपाय आहे. बाराव्या शतकातील ग्विगो या मठवासीने तो चार पायऱ्यांत मांडला : वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन. यासाठी मोबाइल सोडायची गरज नाही. एकच उतारा सावकाश वाचायचा, खटकलेल्या किंवा भावलेल्या शब्दापाशी थांबायचे, त्याविषयी देवाशी बोलायचे आणि मग थोडा वेळ गप्प बसायचे. दिवस संपताना स्वतःला एवढेच विचारायचे : आज हे वचन कोणत्या निर्णयात उतरले? बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्त होतात. अंतःकरणाच्या डागडुजीलाही हा महिना बरा.