परसबागेची तयारी उन्हाळ्यातच का करावी?

परसबाग म्हटली की आपल्याला पाऊस आठवतो. मृग लागला, शाळा उघडली, की कुदळी-खुरपी बाहेर निघतात आणि बियांच्या पुड्या फुटतात. पद्धत दिसायला बरोबर दिसते. पण जरा हिशेब मांडून पाहा.

वांग्याचे बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला सुमारे ५ आठवडे लागतात. लावणीनंतर पहिले वांगे तोडायला आणखी ९ ते १० आठवडे. म्हणजे झाले साडेतीन महिने. शाळा उघडल्यावर २० जूनला बी टाकले तर पहिली वांगी ऑक्टोबर उजाडल्यावर मिळतात. दोन-चार वेळा पोषण आहारात पडली न पडली, तोच दिवाळीची सुट्टी लागते. झाडे ऐन भरात, आणि शाळेला कुलूप! मग ती वांगी कोण खातं? शेळ्या. अनेक शाळांच्या बागांचे असेच होते, आणि दोष बिचाऱ्या बियाण्याला दिला जातो.

तेच बी २५ मेच्या सुमारास, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागते तेव्हा टाकले, तर रोपे जुलैच्या आरंभी वाफ्यात जातात आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वांगी हाती येतात. जवळजवळ महिनाभराची भाजी पदरात जास्त पडली. मिरचीचे रोप तर याहून सावकाश, ५ ते ६ आठवडे घेते. म्हणून मिरची वांग्याच्याही आधी टाकावी. टोमॅटोचे रोप ४ आठवड्यांत तयार होते. ते आठ-दहा दिवस मागून टाकले तरी चालते. उगाच घाई केली तर रोप लांबडे आणि लेचेपेचे होते.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मे महिन्यात प्यायला पाणी मिळताना मारामार, आणि तुम्ही बाग कसली सांगता?" प्रश्न खरा आहे. ज्या गावात हंड्यांची रांग लागते, तिथे झाडांना पाणी घालताना हात कचरलाच पाहिजे. म्हणून पाण्याचाही हिशेब करू. मे महिन्याच्या उन्हात ओल्या जमिनीतून आणि पानांतून दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर पाणी उडून जाते. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. (वरच्या वर्गातल्या मुलांनी १०० × १०० × ०.१ घनसेंटिमीटर हा गुणाकार करून खात्री करावी.) १०० चौरस मीटरची बाग उन्हाळ्यात जगवायची तर रोज ८०० ते १००० लिटर पाणी लागेल. ते आपल्याला परवडणार नाही, आणि मागूही नये. पण १ चौरस मीटरच्या रोपवाटिकेला? एक बादली! वर मांडव असला तर त्याहूनही कमी.

आणि एवढ्याशा वाफ्यात रोपे किती मावतात? दहा-दहा सेंटिमीटरवर ९-१० ओळी, ओळीत ३० बिया धरल्या तरी पावणेतीनशे-तीनशे. निम्मी मेली असे समजा. तरीही ४० वांगी, ४० मिरच्या, ३० टोमॅटो लावून शेजारच्या घरी द्यायला उरतात. उन्हाळ्यात बाग लावायची नाही, एवढा एक तुकडा ओला ठेवायचा, हे नीट ध्यानात घ्या. हातपंपावर हंडे विसळताना जे पाणी गटारात जाते, ते खाली बादली ठेवून धरले तरी हे काम भागते. साबणाचे पाणी मात्र नको.

वाफा गादीसारखा वीतभर उंच करावा, म्हणजे पुढे वळवाची सर आली तरी रोपाच्या मुळाशी पाणी तुंबत नाही. पाणी तुंबले की कोवळे रोप मातीलगत कुजते आणि आडवे पडते. सकाळी उभे पाहिलेले रोप संध्याकाळी कोलमडलेले दिसते, ते यामुळेच. चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली मिसळावे. ताजे शेण घालू नका. त्याने हुमणी येते. बी अर्ध्या बोटापेक्षा खोल पुरू नये. वाफ्याभोवती राखेची रेघ ओढावी, नाहीतर मुंग्या बी उचलून नेतात. उरलेल्या बियांवर कोंबड्यांचा डोळा असतो, तेव्हा बाभळीच्या फांद्या सगळीकडून लावा.

मांडव अडीच-तीन फूट उंच घालावा. तुराट्या, कडबा, गोणपाट, आजीचे जुने लुगडे, काहीही चालते. पूर्वेची बाजू उघडी ठेवावी आणि पश्चिमेची झाकावी. सकाळचे कोवळे ऊन रोपाला हवे असते, दुपारी तीनचे नको. पाणी झारीने सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे द्यावे. भर दुपारी देऊ नये. लावणीच्या आधी आठवडाभर मांडव काढून टाकायचा आणि पाणी कमी करायचे. लाडात वाढलेले रोप एकदम उघड्यावर नेले तर मान टाकते.

बाकीच्या बागेचे काय? तिला उन्हात तापू द्यायचे. एप्रिलमध्येच कुदळीने खणून ढेकळे उलटी करून ठेवावीत. हराळीच्या मुळ्या वेचून काढाव्यात, मातीतले किडींचे कोष वर येतात ते उन्हाने मरतात आणि उरलेले साळुंक्या टिपतात. या कामाला पाण्याचा थेंब लागत नाही.

याच दिवसांत बागेचा नकाशा काढा. इथे पुष्कळजण फसतात. मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो. पुण्याच्या आसपास १३-१४ मेला तर भर दुपारी काठीची सावली दिसतच नाही. त्यामुळे शाळेच्या उत्तरेची जागा चांगली उन्हाची वाटते. पण दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरअखेर ४ मीटर उंच भिंतीची सावली दुपारी बारालाही उत्तरेकडे साडेतीन मीटर पडते. तिथे लावलेला टोमॅटो काय फळणार! तेव्हा इमारतीच्या उत्तरेला भिंतीपासून चार मीटर जागा सोडून वाफे आखावेत. त्या सावलीच्या पट्ट्यात आळू लावावा, त्याला तिथे सुख वाटते.

वेलांचे बी मात्र आधी टाकू नये. दोडका, कारले, दुधी, पडवळ कुंपणालगत जागेवरच टोकायचे. वळवाच्या पहिल्या सरीला भुलू नका. माती वरून दोन बोटे भिजते, बी फुगते, आणि पुन्हा आठ दिवस ऊन पडले की तिथेच करपते. हाताने उकरून पाहा, वीतभर खोल ओल लागली तरच बी टाका. भेंडी, गवार यांचेही तेच. भेंडीला केवड्याचा रोग लागून पाने पिवळी पडतात. त्याला तोंड देण्यासाठी काढलेला परभणी क्रांती हा वाण मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचा आहे. वांग्यात मांजरी गोटा आपल्या सगळ्यांच्या माहितीचा.

पावट्याची एक गंमत सांगतो. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, त्याला फुले येतात ती दिवस लहान होऊ लागल्यावरच. म्हणून पावट्यासाठी उन्हाळ्यात धडपड करण्यात अर्थ नाही. कोबी-फ्लॉवरचे बी ऑगस्टअखेर, आणि मेथी, मुळा, गाजर हस्ताचा पाऊस ओसरल्यावर. कोथिंबिरीचे धणे चपलेने रगडून दोन फाकी करून पेरावेत.

रोपे लावताना दिवस ढगाळ बघावा, नाहीतर संध्याकाळी लावावीत. आधी रोपवाटिकेत पाणी द्या, म्हणजे मुळाला माती धरून रोप निघते. वांग्यात दोन-दोन फूट अंतर ठेवा. रोप चिमुकले दिसते म्हणून जवळ लावायचा मोह होतो, तो आवरा. पाऊस नसेल तर तिसऱ्या दिवशी आंबवणी द्यावी.

आता मुख्य गोष्ट. सुट्टीत पाणी घालणार कोण? मामाच्या गावाला तर सगळ्यांनाच जायचे असते, आणि जावेच. पण एकच दुपार पाणी चुकले की बोटभर रोप गेले, ते पुन्हा टाकायला दिवस उरत नाहीत. म्हणून दोघा-दोघांची जोडी आणि चार-चार दिवसांची पाळी ठरवली आहे. ज्यांची घरे शाळेजवळ आहेत, त्यांनाच पाळी द्यावी असे काहींचे म्हणणे आहे. ते मला बरोबर वाटत नाही. वांगी सगळ्यांनी खायची तर पाणीही सगळ्यांनी घालावे. गावाला जाणाऱ्याने जाण्याआधीची किंवा आल्यानंतरची पाळी घ्यावी. झारी आणि बादली व्हरांड्यात राहील. बियांच्या पुड्या राखेसह डब्यात भरून ठेवल्या आहेत. यादी या भित्तिपत्रकाच्या खालीच लावली आहे, आपले नाव आणि तारीख बघून घ्या. २५ ते २८ मे या जागेत अजून एक नाव कमी आहे.