हलकी हवी, पण हलक्यात घेऊ नका!

नवा लॅपटॉप घेताना आपण आधी काय बघतो? वजन! मोबाइल स्लिम हवा, सॅक अल्ट्रालाइट हवी, ट्रेकचे शूज तर पायात आहेत हे कळूच नये इतके हलके हवेत. 'लाइट इज राइट' हा आपल्या पिढीचा फंडाच झालाय. त्यात एखादी वस्तू नाजूक निघाली तर काय, सर्व्हिस सेंटरला एक चक्कर, थोडी चिडचिड आणि विषय संपला.

पण एक वस्तू अशी आहे, जिचं वजन कमी करण्यासाठी जगभरचे इंजिनीअर सत्तर वर्षं डोकं खाजवताहेत. आणि ती 'नाजूक निघाली' तर माणूस जिवाला मुकतो. ही वस्तू म्हणजे सैनिकाच्या हातातली रायफल. फिजिक्सशी माझं नातं बारावीनंतर तुटलं, तरी या गोष्टीत मी पार गुंतून गेले. कारण ही फक्त बंदुकीची गोष्ट नाही. 'कमी करायचं, पण नेमकं कुठून?' या प्रश्नाची गोष्ट आहे.

चार किलो म्हणजे किती?

एनसीसी केलेल्यांना थ्री-नॉट-थ्री आठवत असेल. ती साधारण चार किलोंची. ऐकायला फार वाटत नाही ना? मलाही नव्हतं वाटलं. म्हणून चार किलो तांदूळ पिशवीत भरले, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि आमच्या बिल्डिंगचे जिने चढायला घेतले. तिसऱ्या मजल्यावर दंड बोलायला लागले!

सैनिकाकडे रायफल एकटी नसते. सोबत काडतुसं, पाणी, हेल्मेट, बुलेटप्रूफ जॅकेट, वायरलेस असा अख्खा संसार असतो. बाकीचं सामान पाठीवर टाकता येतं, रायफल मात्र हातातच लागते. चढावर धाप लागलेली असताना ती उचलून, स्थिर धरून नेम साधायचा असतो. तिथे पाव किलोचा फरकसुद्धा जाणवतो.

हॉलिवूडची आयडिया

१९५४मध्ये अमेरिकेत फेअरचाइल्ड या विमान कंपनीने आर्मालाइट नावाचा छोटा विभाग सुरू केला. पत्ता चक्क हॉलिवूडचा! तिथल्या युजीन स्टोनर या डिझायनरने विचार केला, विमानं अॅल्युमिनियमची बनतात, मग रायफल का नको? स्टील अॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड असतं. म्हणजे वजन धडाधड कमी.

अडचण एकच. गोळी सुटते तेव्हा आत हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त दाब तयार होतो. अॅल्युमिनियमचा सांगाडा तो कसा सोसणार? स्टोनरचं उत्तर साधं होतं, त्याला तो सोसायलाच लावायचा नाही. काडतुसामागचा बोल्ट थेट नळीला जोडलेल्या स्टीलच्या भागात अडकतो. दाराची कडी भक्कम चौकटीत बसावी तसा. सगळा जोर स्टीलमध्येच जिरतो, बाहेरचा सांगाडा फक्त भाग जागेवर धरतो. मग तो अॅल्युमिनियमचा झाला तरी चालतो, आणि दस्ता प्लॅस्टिकचा. यातूनच पुढे एम-१६ आली. तिच्या आधीची एम-१४ चार किलोंच्या वर होती. ही तीन किलोंच्या आत!

पण हावही नडते. याच कंपनीने आधीच्या एआर-१० मॉडेलमध्ये नळीसुद्धा हलकी करून पाहिली होती. आत स्टील, बाहेर अॅल्युमिनियम. स्टोनरचा त्याला विरोध होता, पण वरिष्ठांनी ऐकलं नाही. १९५७च्या सरकारी चाचणीत ती नळी फुटली. जिथे सगळा जोर येतो, तिथेच काटकसर केली होती ना!

रायफल हलकी, किंमत भारी

खरा धक्का व्हिएतनाममध्ये बसला. १९६५नंतर एम-१६ मोठ्या संख्येने तिथल्या जंगलात पोचली आणि ऐन लढाईत अडकायला लागली. उडालेल्या काडतुसाचं रिकामं टरफल आतच रुतून बसायचं. ते नळीत सळई घालून ढकलून काढायचं, तेही समोरून गोळ्या येत असताना. सैनिकांची पत्रं घरी गेली, घरचे लोकप्रतिनिधींकडे गेले आणि १९६७मध्ये संसदीय समितीची चौकशी झाली.

आता गंमत बघा. दोष हलक्या अॅल्युमिनियमचा नव्हताच! काडतुसातली दारू बदलली होती, त्यामुळे आत काजळी जास्त धरायची आणि यंत्रणा जास्त वेगाने चालायची. काडतूस जिथे बसतं त्या जागेला क्रोमचा मुलामा दिला नव्हता, त्यामुळे दमट हवेत गंज चढायचा. वर 'हिला साफसफाई फारशी लागत नाही' असा समज पसरलेला, आणि सफाईचं सामानही पुरेसं पोचलेलं नव्हतं. मग क्रोम आलं, बफर सुधारला, सफाईचं किट आणि ट्रेनिंग आलं. तीच हलकी रायफल पुढे अनेक दशकं चालली. पण मधल्या काळात जे गेले, ते गेले.

कलाश्निकोव्हचा पत्रा

तिकडे रशियनांनी दुसरी वाट धरली. धातू न बदलता त्यांनी बनवण्याची पद्धत बदलली. १९४९च्या एके-४७चा सांगाडा पत्रा दाबून करायचा बेत होता, पण कारखान्यात माल फार रिजेक्ट व्हायला लागला. तेव्हा त्यांनी चक्क माघार घेतली. स्टीलचा अखंड ठोकळा कोरून सांगाडा बनवायला लागले. जड पडला, पण भरवशाचा. पत्र्याचं तंत्र नीट हातात आलं तेव्हा, १९५९मध्ये, एकेएम आली. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा दाबलेला पत्रा, रिव्हेट आणि वजन तीन किलोंच्या जरा वर. मूळ रायफलपेक्षा बरीच हलकी, आणि भरवसा तोच. थांबायची तयारी असेल तर दोन्ही मिळतं!

पाषाणचं कनेक्शन

पुणेकरहो, आता आपल्याकडे या. पाषाणमधल्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने इन्सास रायफल डिझाइन केली. जुन्या एसएलआरच्या जागी ती १९९०च्या दशकात सैन्यात आली. रिकाम्या इन्सासचं वजन ४.१५ किलो, म्हणजे रायफलमध्ये फारशी बचत नाही. खरी बचत काडतुसांत होती. एसएलआरचं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, इन्सासचं ५.५६चं त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या! मात्र १९९९च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. हलकं मटेरियल वाईट नसतं, पण ते कुठे वापरलं जाणार याची परीक्षा आधी व्हायला हवी.

याच प्रयोगशाळेने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर 'उग्रम' ही रायफल बनवली. जानेवारी २०२४मध्ये ती जाहीर झाली. काडतूस पुन्हा ताकदवान ७.६२चं आणि वजन चार किलोंच्या आत.

काटा उलटा फिरला

मग शर्यत अजून हलक्याकडेच चाललीय? नाही! अमेरिकी लष्कराने २०२२मध्ये निवडलेली नवी रायफल ३.८ किलोंची आहे, आधीच्या एम-४पेक्षा जड. सायलेन्सर लावला की साडेचारच्या घरात. काडतूसही मोठं, कारण बुलेटप्रूफ जॅकेट भेदायची ताकद त्यांना हवी होती. ती वजन मोजूनच मिळाली.

शिवाय वजनाचा एक उपयोगही असतो. तीच गोळी हलक्या रायफलमधून सुटली की खांद्याला दणका जास्त बसतो आणि पुढचा नेम हुकतो. नळी फार बारीक केली तर पटकन तापते. म्हणून हुशार डिझायनर नळी सरसकट तासत नाही. बाहेरून लांब खाचा पाडतो. धातू कमी होतो, तरी तेवढ्याच वजनाच्या बारीक नळीपेक्षा ती जास्त ताठ राहते.

तर मग?

हे सगळं वाचल्यावर 'अल्ट्रालाइट' या शब्दाकडे बघायची माझी नजर बदलली. आता सायकल असो, हेल्मेट असो की ट्रेकिंगचा दोर, सेल्समनने 'मॅडम, एकदम हलकं आहे' म्हटलं की मी एकच प्रश्न विचारते, 'कमी कुठून केलंय?' चांगल्या वस्तूकडे त्याचं उत्तर असतं. जिथे जोर येत नाही तिथून, किंवा बनवण्याची पद्धत सुधारून. उत्तराऐवजी नुसतं हसू आलं, तर खुशाल दुसऱ्या दुकानात जावं.

आपल्याला दुकान बदलता येतं. जवानाला मिळालेली रायफल बदलता येत नाही. त्यामुळे त्याच्या वतीने हा प्रश्न आधी कुणीतरी विचारलेला असायला हवा.