पाय रुंद, बूट अरुंद

नवरात्रात कळसूबाईला जायचं ठरलं की आमच्या गटात पहिला प्रश्न येतो तो पायांचा. "ताई, बूट घातला की अंगठ्याजवळची गाठ ठणकते. चपलेवर येऊ का?" शिखर १,६४६ मीटर उंच, वाटेत लोखंडी शिड्या आणि उतारावर सुटे दगड. तिथे चप्पल दगा देते. म्हणून आज बुटांबद्दल बोलू.

ही गाठ म्हणजे कुरूप नव्हे. कुरुपात कातडी घट्ट होते. इथे अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा बाहेर येतो आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो. पायाची अशी ठेवण पुष्कळदा घराण्यातूनच येते. पुढून निमुळती पादत्राणं आणि उंच टाचा तिचा त्रास वाढवतात. चांगल्या बुटाने गाठ जात नाही, पण दाब आणि घासणं कमी होतं.

आपलाच पाय बेढब आहे, असं मनात आणू नका. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. आपली पावलं साधारणपणे युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं त्यातून दिसलं. बाजारातले नंबर मात्र तिकडच्या मापाचे.

यावर बऱ्याच जणी दोन नंबर मोठा बूट घेतात. त्याने लांबी वाढते, रुंदी जेमतेम. मग टाच आत वरखाली होते, फोड येतात आणि उतरताना बोटं पुढे आपटतात.

त्यापेक्षा असं करा. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ काढा आणि तो कागद दुकानात न्या. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. डोंगरावर घालणार तेच मोजे घाला. बुटातला आतला तळ काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभ्या राहा. पाऊल कडेने बाहेर आलं, तर तो बूट आपला नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मात्र घट्ट बसावी. गाठीवर शिवण किंवा कडक पट्टी नको. बायकांच्या बुटात रुंदी मिळाली नाही, तर पुरुषांचे बूट मागा. ते बहुधा रुंद असतात. काही कंपन्या रुंद मापावर '२ई' किंवा '४ई' असं लिहितात.

नाडी बांधताना गाठीजवळची भोकं सोडून द्या, तिथला ताण कमी होतो. चामड्याचा बूट चांभारदादा तेवढ्याच जागी ताणून देतात. नवा बूट आधी आठवडाभर घरात वापरा, मगच डोंगरावर न्या.

मधुमेह असेल, पायाला बधिरता असेल किंवा गाठ लाल होऊन सुजली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

शेवटी पैशांचं. पोरांच्या बुटांना आपण लगेच पैसे काढतो, स्वतःच्या वेळी "चालतंय की" म्हणतो. पण शेत, पाणी, बाजार, सगळं याच पायांवर चालतं. दर महिन्याला थोडे बाजूला टाका, नवरात्रापर्यंत बूट होतील. येत्या बैठकीला कागद-पेन्सिल आणू आणि सगळ्यांचीच पावलं मोजू.