हेलिकॉप्टरने केदारनाथला जाण्यापूर्वी

अक्षय्यतृतीयेच्या आसपास केदारनाथ मंदिराचे दरवाजे उघडतात आणि भाऊबिजेला बंद होतात. या सहा महिन्यांत आपल्याकडूनही पुष्कळ मंडळी यात्रेला जातात. निघण्यापूर्वी दवाखान्यात येऊन मुले सांगतात, "डॉक्टर, आईला चालवत नाही, म्हणून हेलिकॉप्टरचे तिकीट काढले. आता काळजी नाही ना?" मी त्यांना विचारतो, "चालवत नाही ते कशाने? गुडघे दुखतात म्हणून, की धाप लागते म्हणून?" गुडघे दुखत असतील तर हेलिकॉप्टर हे वरदान आहे. धाप लागत असेल तर मात्र तेच धोक्याचे ठरू शकते.

असे का, ते पाहू. हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच असते, शेकडा २१. पण उंचावर हवाच विरळ होते. केदारनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ११,७५० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो. साहजिकच दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी श्वास जलद होतो, हृदयाचे ठोके वाढतात. निरोगी शरीर हे जुळवून घेते, पण त्याला दोन-चार दिवस लागतात.

गुप्तकाशी, फाटा किंवा सेरसी येथून हेलिकॉप्टर उडते. खाली मंदाकिनीची दरी, समोर हिमशिखरे, मंदिरामागे चोराबाडी हिमनदीचा परिसर असे दृश्य डोळ्यांत साठवेपर्यंत, सुमारे दहा मिनिटांत, आपण सहा-सात हजार फूट वर पोचतो. गौरीकुंडाहून सोळा किलोमीटर चढणाऱ्यालाही एका दिवसात शरीर पुरते जुळवता येत नाही. पण त्याला वाट इशारे देते. धाप लागली की तो बसतो, नाहीतर परततो. हेलिकॉप्टरमध्ये हा इशारा मिळतच नाही.

'विमानात तर काही झाले नव्हते,' असे काहीजण म्हणतात. प्रवासी विमानात आतल्या हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो. या हेलिकॉप्टरमध्ये ती सोय नसते.

कोणी जाऊ नये?

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, हृदय कमजोर असलेले, फुप्फुसांच्या जुन्या आजाराने धाप लागणारे आणि रक्त फार कमी असलेले यांनी हा बेत टाळावा. गर्भवतींनीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. रक्तदाब, मधुमेह किंवा दमा औषधांनी आटोक्यात असेल तर तपासणी करून जाता येते.

जाताना काय करावे?

१) वर जाण्यापूर्वी गुप्तकाशी-फाटा परिसरात निदान एक रात्र मुक्काम करावा.

२) शक्यतो दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावे. विरळ हवेचा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून वरचा पहिला मुक्काम अधिक जोखमीचा.

३) वर उतरल्यावर घाई करू नये. सावकाश चालावे, पाणी घोट घोट प्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

४) सामान खाली ठेवावे लागले तरी रोजची औषधे, लोकरीचे कपडे व कानटोपी अंगाबरोबरच असावी. ढग आले की हेलिकॉप्टर उडत नाही आणि तासाभराचे दर्शन रात्रीच्या मुक्कामावर जाते. इन्सुलिन असल्यास ते गोठू नये म्हणून कपड्यांच्या आत ठेवावे.

५) हेलिकॉप्टर वर-खाली होताना कानाला दडे बसतात. आवंढा गिळावा, जांभई द्यावी. सर्दीने नाक चोंदले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

६) अॅसिटाझोलामाइड ही गोळी काहींना आदल्या दिवसापासून दिली जाते. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांना व मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती चालेलच असे नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

त्रास कसा ओळखावा?

डोके दुखणे, मळमळ, अन्नावर वासना नसणे, गरगरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. अशा वेळी विश्रांती घ्यावी आणि आणखी वर जाऊ नये. पण बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस आला, ओठ निळसर पडले, तर फुप्फुसांत पाणी होत आहे असे समजावे. तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे. ही माणसे अनेकदा 'मला काही झालेले नाही' असेच सांगतात. तेव्हा सोबत्यांनी त्यांचे ऐकू नये. वैद्यकीय केंद्रावर नेऊन प्राणवायू सुरू करावा आणि लवकरात लवकर खाली आणावे. खाली येणे हाच यावरचा मुख्य उपाय आहे. हेलिकॉप्टर बंद असेल तर डोली, कंडी जे मिळेल त्याने, पण खाली उतरवावे. सकाळपर्यंत वाट पाहत बसू नये.