धान घरात, गाव नाटकात

दसरा सरला की वडशातल्या नाट्य कंपन्यांच्या कार्यालयांवर नवे फलक चढतात. फलकावर नाटकाचं ठसठशीत नाव, खाली नायक-नायिकेचे फोटो, एका कोपऱ्यात डोळे मिचकावणारा विनोदी नट आणि ठळक अक्षरांत मोबाइल नंबर. आत टेबलावर निर्मात्याची वही उघडीच असते. गावोगावची मंडळं दुचाकीवरून, जीपमधून येतात, चहा होतो आणि चौकशी सुरू होते. यंदा नवं काय हाये? कॉमेडीले कोन हाये? गाणारी बाई कोन? मनासारखी उत्तरं मिळाली की इसार दिला जातो, वहीत गावाचं नाव चढतं आणि त्या गावची तारीख पक्की होते. झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामाची जाहिरात ती हीच. बाकीचं काम भिंतीवरची पोस्टरं आणि गावात फिरणारा भोंगा करतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. नाटकाच्या नकाशावर त्याची राजधानी गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. सरकारी कागदावर हे गाव देसाईगंज आहे. चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला आणि वैनगंगेकाठचं हे व्यापारी गाव नव्या जिल्ह्यात गेलं. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं रेल्वे स्टेशन, नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी आणि चारही जिल्ह्यांकडे जाणारे रस्ते ही वडशाची सोय. नागपूरहून किंवा गोंदियाहून येणारा नट इथे उतरतो, हंगामभर खोली भाड्याने घेतो आणि इथूनच रोज संध्याकाळी गाडीत बसून त्या दिवसाच्या गावाला जातो. त्यामुळे वडशात आणि आसपास पन्नासच्या घरात नाट्यसंस्था उभ्या राहिल्या.

या रंगभूमीचं वेळापत्रक धान ठरवतं. हलकं धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येतं, भारी धान त्यानंतर. कापणी झाली, चुरणा झाला, धान विकून हातात चार पैसे आले की गावाला नाटक सुचतं. भाऊबीजेपासून मंडई सुरू होते. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव आळीपाळीने भरणारी जत्राच. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, दिवसा दंडार किंवा खडी गंमत अशी लोककला रंगते आणि रात्री नाटक उभं राहतं. मग होळीपर्यंत उसंत नसते. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हा ऐन भर. नामांकित कंपनीला या काळात एकही रात्र मोकळी मिळत नाही.

मंडईसारखंच नाटकाचं दुसरं निमित्त होतं शंकरपट. बैलांच्या शर्यतीला पंचक्रोशीतली माणसं बंडीत बसून यायची. दिवसा पट आणि रात्री त्याच गर्दीसाठी नाटक, अशी ही जोडी पिढ्यान्पिढ्या चालत आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळेपर्यंत पट थांबले. नाटक थांबलं नाही, कारण तोवर ते पटाच्या आधाराशिवाय उभं राहायला शिकलं होतं.

नाटकाची मुळं मात्र दंडारीत आहेत. दंडार ही शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी केलेली करमणूक. ढोलकी-टाळांच्या ठेक्यावर नाच, मध्येच सोंग, मध्येच गावातल्या एखाद्याची फिरकी, आणि बाईचं काम मिशा काढून आलेल्या गड्याकडे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि इथल्या लोककलांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे हे धन कागदावर आलं. संगीत नाटकांच्या कंपन्या विदर्भात फिरू लागल्या तेव्हा दंडारीत मुरलेल्या या माणसांनी पडदे, विंग, नांदी आणि पदं उचलली, पण दंडारीचा मोकळेपणा सोडला नाही. आजही झाडीपट्टीतला विनोदी नट कथानक बाजूला ठेवून समोर बसलेल्या सरपंचाला चिमटा काढतो आणि पुन्हा गोष्टीत शिरतो.

आता प्रयोगाची रात्र. कापणी झालेल्या बांधीत किंवा शाळेच्या मैदानात रंगमंच उभा राहिलेला असतो. लाकडी फळ्या, लोखंडी पाइप, चारी बाजूंनी कनात. पडदे रंगवलेले: घराचा दिवाणखाना, रस्ता, जंगल, वाडा. पुढच्या रांगांत महागड्या तिकिटाच्या खुर्च्या, मागे जमिनीवर तणस अंथरलेली. त्यावर घोंगडी, सतरंज्या, झोपलेली पोरं आणि कानटोप्या घातलेले म्हातारे. बाहेर भजी, फुटाणे आणि चहाची दुकानं. पत्रिकेत वेळ नऊची असते, पण उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांची भाषणं आटोपेपर्यंत दहा-साडेदहा वाजतात. निवडणुकीच्या वर्षी ही यादी आणखी लांबते. पाच-सहा तासांच्या नाटकाची सांगता होते तेव्हा पहाट झालेली असते.

रंगमंचापाशी पुढ्यात वादक बसतात. ऑर्गन, तबला, ढोलकी, आणि आता ऑक्टोपॅडही. नटाच्या प्रवेशाला, रडण्याला, थपडेला, सगळ्याला वाद्याची साथ असते. शहरातल्या प्रेक्षकाला ती आधी भडक वाटते. पण दोन हजार माणसांच्या मागच्या टोकाला, शेकोटीशी बसलेल्याला बाप संतापला आहे हे कळायला हवं तर चेहऱ्यावरचा बारीक भाव कामाचा नाही. तिथे आवाज लागतो, हातवारे लागतात आणि तबल्याची थाप लागते. वरून टांगलेल्या माइकखाली नेमकं येऊन संवाद फेकायचा आणि तरी चालणं सहज दिसू द्यायचं, हे इथल्या नटाचं कसब.

सगळ्यांत मोठं कसब मात्र दिसत नाही, ते प्रॉम्प्टरचं. नाटकं भराभर बसतात, तालमी मोजक्या होतात. एखादी नटी आज एका कंपनीत, तर उद्या आजारी कलावंताच्या जागी दुसऱ्या कंपनीत उभी असते. अशा वेळी पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत संहिता दबक्या आवाजात वाचत राहणारा माणूस नाटक तोलून धरतो. तो आधी वाक्य टाकतो, नट ते कानाने उचलतो, आणि प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. कोणता नट किती हळू उचलतो, कोण मध्येच स्वतःची भर घालतो आणि त्यानंतर त्याला पुन्हा ओळीवर कुठे आणायचं, हे प्रॉम्प्टरला पाठ असतं.

प्रेक्षकही गप्प बसणारा नसतो. गाणं आवडलं की वन्समोर येतो, लावणी रंगली की बक्षिसं सुरू होतात. सूत्रधार माइकवरून नाव घेऊन सांगतो की अमुक गावच्या अमुक पाटलांकडून एकावन्न रुपये, आणि नाटक तेवढ्यापुरतं थांबतं. नाही आवडलं तर शिट्ट्या पडतात, माणसं उठून चहाला जातात. दुसऱ्या दिवशी ती बातमी सोयऱ्यांबरोबर पुढच्या गावात पोचलेली असते आणि निर्मात्याच्या वहीतल्या तारखा कमी होतात. समीक्षकाची गरज इथे कोणाला भासलीच नाही.

प्रायोगिक रंगभूमी म्हटलं की मराठी वाचकाला दादरची छबिलदास शाळा आठवते. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात नाटकं सुरू केली आणि मोजक्या जागेत, मोजक्या पैशांत वेगळं काही करून पाहणाऱ्यांना हक्काची जागा मिळाली. तिथे प्रयोग फसला तरी चालत होतं. झाडीपट्टीत तो फसून चालत नाही, कारण तिकीट काढणारा प्रेक्षक आणि पैसे मोजणारं मंडळ समोरच बसलेलं असतं. तरीही इथे नवं करून पाहिलं जातं. हुंडा, दारू, जादूटोणा, जमिनीचे तंटे, शेतकऱ्यावरचं कर्ज असे विषय या मंचावर सतत येतात. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे लेखक-दिग्दर्शक आणि चित्रकार सदानंद बोरकर यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर ‘आत्महत्या’ हे नाटक केलं आणि ते धान पिकवणाऱ्यांच्याच गावांत, त्यांच्याच बांधीत नेलं. ज्यांच्यावर नाटक आहे तेच तिकीट काढून समोर बसले आहेत, अशी कसोटी शहरातल्या प्रायोगिक नाटकाच्या वाट्याला क्वचितच येते.

नटांच्या बाजूने पाहायचं तर गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांचं नाव पुढे येतं. विनोदाच्या अचूक टायमिंगमुळे लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका ही त्यांची कमाई. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि ज्यांनी झाडीपट्टीचं नावही ऐकलं नव्हतं अशांनी नकाशा उघडला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला. त्यात कंपन्यांमधली चढाओढ, कलावंतांची पळवापळवी आणि हंगामातली धावपळ पडद्यावर दिसली.

नाच हा या रात्रीचा अर्धा प्राण. दोन अंकांच्या मध्ये लावणी येते, नव्या सिनेगीतावरचा नाच येतो आणि पडदा बदलायला वेळ मिळतो. इथेच वादही आहे. काही गावांत नुसत्या नाचाचे ‘डान्स हंगामा’ कार्यक्रम होऊ लागले. ते नाटकापेक्षा स्वस्त आणि सवंग. त्यांच्याशी टक्कर द्यायची म्हणून काही कंपन्या नाटकातले नाच वाढवतात आणि कथेचा जीव जातो. बायाबापड्या सहकुटुंब येतात तोवरच ही रंगभूमी जगेल, हे जाणणारे निर्माते मात्र गोष्ट आणि गाणं सोडत नाहीत. ज्या नटीच्या नावावर तारखा लागतात, तिलाच गावात खोली देताना चौकशा होतात, हाही या धंद्यातला जुना दुटप्पीपणा आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, एटापल्ली-भामरागडच्या जंगलात, मात्र नाचाला रंगमंच लागत नाही. माडिया गोंडांचा रेला लग्नाला, सणाला, पाहुणा आला तरी होतो. हातात हात गुंफून रांग गोलाकार सरकते, गाण्याची ओळ एकीकडून निघते आणि दुसरीकडून परत येते. त्याला तिकीट नाही आणि प्रेक्षक असा वेगळा कोणी नाही.

नाटकाच्या रात्रीचा हिशेब मात्र चोख असतो. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, तिकिटं विकतं, आणि उरलेला पैसा गावच्या देवळाला, शाळेला, सभामंडपाला किंवा पुढच्या वर्षीच्या नाटकाला जातो. तोटा झाला तर मंडळाची पोरं खिशातून भरतात. एका कंपनीबरोबर नट, वादक, पडदेवाले, लाइटवाले, चालक अशी पंचवीस-तीस माणसं जगतात. शिवाय मंडपवाला, पोस्टर छापणारा, भजी तळणारी बाई आणि गावातला ऑटोवाला. धान बुडालं की ही साखळी खिळखिळी होते. अवकाळी पावसाने कापलेल्या कडपा भिजल्या की वडशात तारखा रद्द झाल्याचे फोन येऊ लागतात. करोनाच्या काळात तर मंचच उभे राहिले नाहीत. तेव्हा अनेक कलावंत मजुरीला गेले. हंगाम संपल्यावर एरवीही बहुतेकांना शेती, रंगकाम किंवा मजुरी धरावीच लागते.

येत्या हंगामात हे पाहायचं असेल तर दोन वाटा आहेत. सुटसुटीत, वेळेवर सुरू होणारं नाटक हवं असेल तर हिवाळ्यात चंद्रपूरच्या प्रियदर्शिनी इंदिरा गांधी सांस्कृतिक सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर जावं. तिथे हौशी संघ नव्या संहिता घेऊन उतरतात आणि झाडीपट्टीत तयार झालेले नटही दिसतात. खरी झाडीपट्टी पाहायची तर नागपूरहून साधारण दीडशे किलोमीटरवर असलेल्या वडशाला जावं. कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात विचारलं की आज कोणत्या गावात कोणतं नाटक आहे ते लगेच कळतं. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यांत मंडई, दंडार आणि नाटक तिन्ही एका दिवसात पाहता येतात. मुरलेला प्रयोग हवा असेल तर जानेवारी बरा, कारण तोवर नाटक पन्नासेक गावांत घासून निघालेलं असतं.

जाताना जाड घोंगडं घ्या आणि सकाळपर्यंत वेळ काढून जा. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या रस्त्यांवर वाघांचा वावर आहे, तेव्हा रात्री मधूनच उठून एकट्याने परत निघू नका. आणि ओळखीच्या बळावर फुकट पास मागू नका. तिकीट काढा. त्या पैशांवर गावच्या शाळेची भिंत आणि पुढच्या वर्षीचं नाटक दोन्ही उभं राहतं.