फवारणीसाठी हातमोजे घेताय? आधी हे वाचा

2017 साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तरीही आजही कित्येक जण उघड्या हातानेच औषध कालवतात.

सर्वात जास्त धोका फवारताना नाही, तर बाटली उघडून औषध मापताना असतो, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेलं, तीव्र असतं. म्हणून मोजे बाटलीचं बूच फिरवण्याआधी घाला.

सुती किंवा चामड्याचे मोजे या कामाला अजिबात नकोत. ते औषध शोषतात आणि तासन् तास कातडीला चिकटवून ठेवतात. आत कापडी अस्तर असलेलेही टाळा. दवाखान्यातले पातळ मोजे पंपाच्या पट्ट्यात अडकून सहज फाटतात. घ्यायचे ते जाड नायट्राइलचे, कोपराच्या दिशेने लांब येणारे. पाकिटावर आयएसओ 18889 आणि जी2 असं छापलेलं मिळालं तर उत्तमच, ते तीव्र औषध हाताळायलाही चालतात.

बाहीचं गणित पिकाच्या उंचीवर ठरतं. कमरेखाली फवारत असाल तर बाही मोज्यावर ओढा. डोक्याच्या वर, म्हणजे आंब्या-संत्र्याला फवारत असाल तर मोजा बाहीवर घ्या आणि कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ आत जात नाही.

काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मगच काढा. नंतर पाणी भरून दाबून बघा. थेंबभर जरी गळलं तरी तो जोड टाकून द्या.

शेतमालकांनो, मजुरांनाही हेच मोजे द्या.