पाठीवरची पिशवी

माघ पौर्णिमा जवळ आली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात कचारगडचे वेध लागतात. सालेकसा तालुक्यातलं धनेगाव, तिथून जंगलातून वर चढणारी वाट आणि डोंगराच्या पोटातली ती भली मोठी गुहा. गोंड समाजाचं हे श्रद्धास्थान. गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्यामुळे झाली, अशी श्रद्धा आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. वाटेत भेटेल तो 'जय सेवा' म्हणतो, आपणही म्हणायचं.

पण मैत्रिणींनो, आज मला यात्रेबद्दल नाही, बॅगेबद्दल सांगायचंय. हसू नका!

काही वर्षांपूर्वी बचत गटातल्या आम्ही सात-आठ जणी कचारगडला गेलो होतो. माझ्या एका खांद्याला छान चकचकीत रेक्झिनची पर्स. तिच्यात पाण्याची बाटली, डबा आणि आमच्यातल्या मधुमेही काकूंच्या गोळ्या नि ग्लुकोजचा पुडा. काकूंनीच विश्वासाने माझ्याकडे दिलेला. चढणीवर एका मोठ्या दगडावर पाय टेकवला आणि कट्‌कन आवाज आला. पट्टा हातात, पर्स खाली दगडांच्या सांदीत! आम्ही ती काढायच्या खटपटीत, तेवढ्यात काकू मटकन खाली बसल्या. दरदरून घाम, हात थरथरताहेत. सकाळी गोळी घेतलेली, पोटात काही नाही, वर ही चढण. साखर उतरली होती. ग्लुकोज होतं, पण ते त्या सांदीत. शेवटी मागून येणाऱ्या एका बाईंनी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून दिला. दहा-पंधरा मिनिटांनी काकू बोलायला लागल्या. मला मात्र पुढे गुहेपर्यंत पोचेस्तोवर धड काही दिसलं नाही.

घरी आल्यावर ती पर्स मी बॅगा शिवणाऱ्या एका भाऊंकडे नेली. त्यांनी ती सरळ उलटी केली. म्हणाले, "ताई, तुम्ही बाया बाहेरून पाहता. बॅग आतून पाहायची असते." पट्टा जिथे जोडला होता, तिथे रेक्झिनच्या एकाच पदराला एक टीप. बस्स. रेक्झिन म्हणजे पातळ कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर. ऊन आणि घड्या पडून तो तडकतो आणि मग टीपच त्याला फाडत जाते.

तेव्हापासून मी पाठीवरची छोटी बॅग वापरते. "हे काय कॉलेजच्या पोरींसारखं?" असं घरातूनच ऐकून घेतलं. पण दोन्ही खांद्यांवर ओझं सारखं विभागलं की मानेचं दुखणं किती कमी होतं, ते ऐकवणाऱ्यांना काय ठाऊक! शाळेच्या मुलांसाठी दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं २०२० च्या राष्ट्रीय धोरणात म्हटलंय. आपल्या पाठीचा विचार आपणच करायचा.

आकार फार मोठा नको, नाहीतर अख्खं घर त्यात भरतो आपण. दुकानात टेप न्या. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा नि हजाराने भागा, म्हणजे लिटर निघतात. चाळीस बाय पंचवीस बाय बारा, म्हणजे बारा लिटर. बाटली, डबा, छत्री, शाल, औषधं यांना रोजच्यासाठी एवढं पुष्कळ.

आता कापड. कॅनव्हास म्हणजे जाड सुती कापड, मला मनापासून आवडतं. ठिगळ लावता येतं, धुता येतं. पण आमच्याकडच्या पावसाळ्यात ते पाणी पितं, दोन-दोन दिवस वाळत नाही नि मग बुरशीचा वास. नायलॉन घासटण्याला चिवट, दगडधोंड्यांच्या वाटेला चांगलं, पण सततच्या उन्हाने लवकर कमजोर होतं. पॉलिस्टर उन्हाला जास्त टिकतं, पाणीही जवळजवळ शोषत नाही. रोज स्कूटीवर उन्हात फिरणारीने पॉलिस्टर घ्यावं, असं माझं मत. दुकानदार '६०० डेनियर' म्हणून सांगतो तेव्हा दबून जाऊ नका. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. म्हणजे तो धाग्याच्या जाडीचा आकडा आहे, मजबुतीचा नव्हे. चांगलं ४२० चं नायलॉन ६०० च्या साध्या पॉलिस्टरपेक्षा जास्त दिवस घासटणं सोसू शकतं.

आतल्या बाजूला पाणी अडवायचा जो लेप असतो, तो बोटाने चोळून बघा. चिकट लागला किंवा भुकटी निघाली तर बॅग तशीच ठेवून द्या. दमट कपाटात कोंडलेल्या बॅगेचा लेप असाच सुटतो. लेप चांगला असला तरी चेनमधून नि शिलाईतून पाणी शिरतंच, म्हणून औषधं प्लास्टिकच्या पिशवीत. चेन भरल्या बॅगेवर दहादा लावून-काढून बघा, कोपऱ्यावर अडते का ते कळतं. आणि पट्ट्याच्या मुळाशी चौकोनात फुली अशी शिलाई हवी, किंवा पट्टा आतल्या शिवणीत खोल गेलेला असावा. मी तर दुकानातच दोन्ही हातांनी जोरात ओढते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे!

साडी नेसणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पट्ट्याच्या आत खरखरीत जाळी नको, रेशमी पदराचे धागे ओढले जातात. वेल्क्रोही नको. मी पदर आधी खांद्यावर पिन करते, मग बॅग घालते.

धुताना गरम पाणी नि मशीन टाळा. साध्या साबणाने हाताने, नि वाळवायची सावलीत.

यंदाही आमचा गट कचारगडला जायचं म्हणतोय. काकूंनी स्वतःसाठी एक छोटी निळी बॅग घेतलीय. घरी आणल्या आणल्या मला दाखवायला आल्या. मी हातात घेतली, तर म्हणाल्या, "थांब, आधी उलटी कर." ग्लुकोजचा पुडा आता त्या स्वतःजवळ, बाजूच्या कप्प्यात ठेवतात. दुसरा पुडा माझ्याकडे असतो.